जनावराच्या अंगावरचा चिकटा
(गावातील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट लहान आहे, पण तिच्यापायी घरचे जनावर दगावते. म्हणून ती नीट समजून घेऊ.

कुत्र्याच्या अंगाला डांबर लागते. वासराच्या पाठीवर रंग सांडतो. मांजर उंदराच्या चिकट पुठ्ठ्यावर जाऊन बसते. मग आपण काय करतो? कोणी ओढून काढतो. कोणी घासलेट आणतो. कोणी म्हणतो, "राहू द्या, आपोआप निघंल." हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. खरा उपाय सोपा आहे, आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

१. अंगावरचे केस कशासाठी

देवाने जनावराला कपडे दिले नाहीत, केस दिले. थंडीत केस ऊब धरतात. उन्हात कातडी भाजू देत नाहीत. माशी आणि डास लगेच कातडीपर्यंत पोचत नाहीत, तेही केसांमुळेच.

केसांना चिकटा लागला की केसांचा गोळा होतो. गोळा कातडीला ओढतो. जनावर चालले की ओढ बसते, बसले की ओढ बसते. गोळ्याखाली घाम आणि ओल साठते. तिथे कातडी लाल होते. मग माशी बसते, जखम होते, जखमेत अळ्या पडतात. पावसाळ्यात तर दोन-तीन दिवसांत अळ्या पडू शकतात.

दुसरे असे की, जनावर आपले अंग चाटून साफ करते. मांजर दिवसभर चाटते. कुत्रा चाटतो. गाय आपले वासरू चाटते. म्हणजे जे अंगावर असेल, ते पोटात जाणार. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढचे सगळे बोलणे हिच्यावरच उभे आहे.

२. चिकटा कुठून येतो

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आता वाडीवस्तीपर्यंत डांबर पोचले आहे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. गावोगाव पक्के रस्ते झाले. चांगली गोष्ट झाली. पण रस्त्याचे काम झाले की कडेला डांबराचे पिंप उरते. खडी आणि डांबर यांचा ढीग उरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हात डांबर पातळ होते. करडू त्यात पाय घालते. कुत्रा सावलीसाठी पिंपाखाली शिरतो.

चिकटा आणखी कशाकशाचा असतो? बैलगाडीच्या आसाचे वंगण. ट्रॅक्टरचे ग्रीस. पोळ्याला शिंगांना लावलेला तेली रंग. शाळेच्या दारांना दिलेले वार्निश. उंदीर धरायच्या पुठ्ठ्यावरचा डिंक. सायकलच्या दुकानातले ट्यूबचे सोल्युशन. गुऱ्हाळावरची काकवी. बाभळीचा डिंक. ज्वारीवर पडतो तो चिकटा तर तुम्ही सगळेच ओळखता.

एक सूचना आहे. आपल्या मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते. काळ्या केसांवर काळे डांबर दिसत नाही. म्हणून संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की पोटावरून आणि पायांवरून हात फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळते.

३. चिकट्याच्या दोन जाती

चिकटा दिसायला सारखा असतो, पण त्याच्या दोन जाती आहेत.

पहिली जात पाण्यात विरघळणारी. गूळ, काकवी, मध, फळांचा रस, ज्वारीचा चिकटा, खळ, पाण्यात कालवलेला चुना-रंग. ज्वारीचा चिकटा म्हणजे काय? पानावरचा मावा रस शोषतो आणि गोड पाणी टाकतो. ते गोड पाणी म्हणजे साखरच. ती पाण्यात विरघळते. अशा चिकट्याला कोमट पाणी पुरते. फडके भिजवून दहा मिनिटे त्या जागी धरा. गोळा मऊ होतो आणि बोटाने सुटतो. बाभळीचा डिंकही असाच भिजवून निघतो. फक्त त्याला वेळ लागतो.

दुसरी जात तेलात विरघळणारी. डांबर, वंगण, ग्रीस, ओला तेली रंग, पुठ्ठ्यावरचा डिंक. यांच्यावर घागरभर पाणी ओतले तरी काही होत नाही. उलट पाण्याने डांबर घट्ट होते.

मग त्याला काय करावे? गाडीच्या आसाला वंगण घालताना आपले हात बरबटतात. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. जाणता माणूस काय करतो? थोडे गोडे तेल हाताला चोळतो, फडक्याने पुसतो, मग साबण लावतो. हात लख्ख होतात. जनावराच्या अंगालाही हाच नियम लागू आहे.

काट्याने काटा निघतो म्हणतात ना? तसा तेलकट चिकटा तेलाने निघतो.

४. घासलेट का नको

आता कोणी म्हणेल, "घासलेटनं तर डांबर झटकन निघतं. आमी सायकलीचं काढतो की!"

खरे आहे. निघते. पण सायकलीला कातडी नाही. सायकल अंग चाटत नाही.

आम्ही दोन घरांची हकीकत सांगतो. गाव एकच, रस्त्याचे कामही एकच. एका घरच्या मांजरीच्या मागच्या पायांना आणि शेपटीला डांबर लागले. घरधनी घाईत होता. त्याने चिंधी डिझेलमध्ये बुडवली आणि मांजरीला पुसून काढले. डांबर पाच मिनिटांत गेले. घरात सगळ्यांना बरे वाटले. मांजर कोपऱ्यात बसून पाय चाटू लागली. रात्री तिला ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी धाप लागली. तिसऱ्या दिवशी मांजर गेली. तिची तीन पिल्ले उघडी पडली.

दुसऱ्या घरच्या कुत्र्याचे पोट आणि दोन पाय डांबराने भरले होते. तिथेही पोरगा घासलेटची बाटली घेऊन आला. आजी म्हणाली, "आरं, ते ठिव तिकडं. तुज्या डोळ्यात गेलं तर कसं हुईल? त्याला कातडी न्हाई का?" तिने करडईचे तेल काढले. काम संपायला दोन दिवस लागले. कुत्रा आजही वस्ती राखतो.

असे का झाले ते पाहू. घासलेट, पेट्रोल, डिझेल, थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट ही सगळी एका माळेतली आहेत. ती कातडीचे स्वतःचे तेल काढून घेतात. कातडी कोरडी पडते, लाल होते, फोड येतात. जनावर ते चाटते. हे पदार्थ फार पातळ असतात. गिळताना किंवा ओकताना ते श्वासाच्या नळीत उतरतात आणि फुप्फुस बिघडवतात. म्हणून एखाद्या जनावराने घासलेट चाटले असेल, तर त्याला मुद्दाम ओकायला लावू नका. मीठ-पाणी पाजू नका. थेट गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.

शिवाय हे पदार्थ पेट घेतात. जवळ चूल असते, कोणी विडी ओढत असतो. पुढचे सांगायला नको.

फिनाईलही नको. मांजराचे यकृत, म्हणजे काळीज, फिनाईलसारख्या वस्तूंचे विष मोडू शकत नाही. आपल्याला जे जंतुनाशक वाटते, ते मांजराला जहर होते.

५. तेलाने चिकटा कसा काढावा

आता मुख्य काम. एकेक पायरी वाचा. घाई करू नका.

पहिली पायरी. जनावर सावलीत आणा. डोक्याशी ओळखीचा माणूस उभा करा. वासराला दाव्याने आखूड बांधा. मांजराला जुन्या लुगड्यात गुंडाळा आणि फक्त चिकट भाग बाहेर ठेवा. काम चालू असताना त्याला चाटू देऊ नका.

दुसरी पायरी. सुटे खडे, काड्या, माती बोटाने अलगद काढा. कातडी ओढेल असे काही करू नका.

तिसरी पायरी. खायचे तेल घ्या. करडईचे, शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा खोबऱ्याचे कोणतेही चालते. तळहातावर घेऊन चिकट्याला लावा. बोटांनी हळूहळू आत जिरवा. मग पाव तास थांबा. थांबणे हेच खरे काम आहे. तेलाला आत जायला वेळ द्या.

चौथी पायरी. जुन्या सुती फडक्याने पुसा. केस ज्या दिशेने पडतात, त्या दिशेने पुसा. फडके काळे झाले की दुसरी बाजू घ्या. पुन्हा तेल लावा, पुन्हा थांबा, पुन्हा पुसा. ताजे डांबर दोन-तीन वेळा केले की निघते. वाळलेल्या डांबराला दोन दिवसही लागतात.

पाचवी पायरी. आता अंगावर तेल उरले. त्यावर कोरडे पीठ भुरभुरा. ज्वारीचे चालेल, बेसन चालेल. पीठ तेल पिते. ते झाडून टाका.

सहावी पायरी. कोमट पाणी घ्या. पाणी कोपराला ऊन लागू नये. भांडी धुण्याचा पातळ साबण थोडासा पाण्यात कालवा, किंवा लेकराच्या अंगाचा साबण घ्या. धुवा. डोळ्यांत आणि कानांत पाणी जाऊ देऊ नका. कपड्याची पावडर आणि धुण्याचा सोडा नको. त्याने कातडी चुरचुरते. मग साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा.

सातवी पायरी. अंग कोरडे करा. थंडीच्या दिवसांत हे विसरू नका. करडू आणि लहान वासरू ओले राहिले तर गारठते. म्हणून हे काम सकाळी ऊन वर आल्यावर करावे, तिन्हीसांजेला नाही.

आठवी पायरी. पुढचे तीन-चार दिवस ती जागा पाहा. लाली, फोड, पू दिसला तर दवाखाना गाठा.

इतके करूनही गोळा निघाला नाही, तर केस कापा. पण कसे? कातडी आणि गोळा यांच्यामध्ये कंगवा घाला. कात्री कंगव्याच्या वरून चालवा. कंगवा मध्ये असला म्हणजे कातडी कापली जात नाही. जनावराची कातडी सैल असते. ती गोळ्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. म्हणून कंगव्याशिवाय कात्री लावू नये. केस पुन्हा येतात. त्याची काळजी नको.

पंजा असेल तर बोटांच्या मधे पाहा. तिथे डांबरात खडी रुतून बसते. ती राहिली तर कुत्रा लंगडतो.

काळी झालेली फडकी आडाजवळ किंवा हौदाजवळ टाकू नका. अंग धुतलेले पाणीही पिण्याच्या पाण्यापासून लांब जिरवा.

६. डांबर गरम असेल तर

आत्तापर्यंत आपण थंड डांबराविषयी बोललो. रस्त्यावर टाकताना डांबर दीडशे अंशांच्या आसपास तापवतात. उकळते पाणी शंभर अंशांचे असते. त्यावरून भाजणे किती खोल जाईल याचा विचार करा.

गरम डांबर अंगावर पडले, तर तेल नको, फडके नको, ओढणे तर मुळीच नको. डांबर ओढले की त्याच्याबरोबर कातडी निघते. फक्त साधे गार पाणी ओता. एक-दोन तांबे नव्हे, पंधरा-वीस मिनिटे ओतत राहा. बर्फ लावू नका. डांबर तसेच राहू द्या आणि डॉक्टर गाठा. ते वेदना कमी करणारे औषध देऊन डांबर काढतील.

माणसाच्या अंगावर गरम डांबर पडले तरी पहिला उपाय हाच. गार पाणी, आणि मग दवाखाना.

७. पोळ्याचा रंग

पोळा म्हणजे बैलाचा सण. आदल्या दिवशी खांदेमळणी करतो. खांद्याला तूप-हळद चोळतो. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला ती मोठी विश्रांती असते. आपल्या वाडवडिलांना तेल-तुपाचा गुण ठाऊक होता, हे यावरून कळते.

पण आता शिंगांना तेली रंग देतात. घाईत रंग डोळ्याजवळ ओघळतो, कानावर पडतो. पाठीवरही कोणी चित्रे काढतो. तेली रंग केसांवर वाळला की दगडासारखा होतो. मग तो तेलानेही निघत नाही. म्हणून ओला असतानाच तेल लावून पुसा. वाळला असेल तर कंगवा घालून केस कापा. थिनरला हात लावू नका.

जुन्या प्रकारच्या काही रंगांत शिसे असते. गाडीच्या जुन्या बॅटरीतही असते. गुरांना शिशाची बाधा लवकर होते. जनावर आंधळ्यासारखे चालते, दात खाते, भिंतीला डोके टेकते. म्हणून रंगाचे रिकामे डबे आणि मोडकी बॅटरी गोठ्याजवळ ठेवू नका. पाठीवर चित्रच काढायचे असेल, तर गेरू पाण्यात कालवा. तो शोभतो आणि पाण्याने निघतो.

८. उंदराचा चिकट पुठ्ठा

बाजारात उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा मिळतो. उंदीर त्यावर चिकटतो आणि तडफडत मरतो. पण पुठ्ठ्याला उंदीर आणि मांजराचे पिल्लू यांत फरक कळत नाही. खारुताई सापडते, चिमणी सापडते, पालही सापडते.

पिल्लू चिकटले तर आधी पुठ्ठ्याच्या उघड्या भागावर पीठ किंवा कागद टाका. म्हणजे दुसरा पाय चिकटणार नाही. अंगावर हलके फडके टाका. अंधार झाला की जीव शांत होतो. मग चिकटलेल्या जागेवर तेल सोडा. पाव तास थांबा. कडेपासून बोटाने सोडवत या. एक पाय सुटला की त्याच्याखाली कागद सरकवा. नाहीतर तो पुन्हा चिकटतो. पाय धरून ओढला तर हाड मोडते.

पाखराच्या पंखांना फार तेल लावू नका. पंख तेलकट झाले की पाखराला ऊब धरता येत नाही. पाखराला डॉक्टरांकडेच द्यावे.

त्यापेक्षा तो पुठ्ठा आणूच नये. कणगी झाकून ठेवा. भिंतीची बिळे बुजवा. तारेचा पिंजरा लावा. आणि घरात एक मांजर असू द्या.

९. चीक आणि बिब्बा

दोन चिकट वस्तू वेगळ्या आहेत. त्यांना वरचा नियम लावू नका.

रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा बिघडतो. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. दहा-पंधरा मिनिटे धुवा. मग दवाखाना.

दुसरा बिब्बा. बिब्ब्याचे तेल काळे आणि चिकट असते. ते डांबरासारखे दिसते, पण ते कातडी जाळते. माणसालाही बिब्बा उततो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जनावराला बिब्बा लागला तर चोळू नका. चोळला की पसरतो. हाताला पिशवी बांधून साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

१०. जळके ऑईल हे औषध नाही

कुत्र्याला खरूज झाली की काही लोक गॅरेजमधून जळके ऑईल आणतात आणि अंगभर फासतात. गुरांनाही लावतात. हा चिकटा आपण आपल्या हाताने लावतो!

खरूज होते ती कातडीत राहणाऱ्या फार बारीक किड्यांमुळे. जळक्या ऑईलमध्ये इंजिनाची घाण असते, धातूंचा अंश असतो. जनावर ते चाटते. उन्हात ऑईल फासलेली कातडी भाजते. खरुजेवर चांगले औषध गुरांच्या दवाखान्यात मिळते. कोणी असे ऑईल फासलेले कुत्रे दिसले, तर त्याला पीठ लावून आणि साबणाने धुऊन साफ करा. मग खरुजेचे औषध आणा.

११. आधी आपला जीव जपा

दुखणारे जनावर चावते. आपले असले तरी चावते. त्यात त्याचा दोष नाही.

कुत्र्याच्या तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधा आणि गाठ कानांच्या मागे मारा. पण कुत्र्याला धाप लागली असेल किंवा तो ओकत असेल, तर तोंड बांधू नका. गुदमरेल. गाय-बैलाच्या मागे उभे राहू नका. लहान लेकरांना लांब ठेवा.

कुत्रे किंवा मांजर चावले, ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पिसाळीची लस घ्या. सगळ्या मात्रा पुऱ्या करा. पिसाळी अंगात उठली की तिला औषध नाही. लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. डांबर उद्या काढता येईल. लस उद्यावर टाकू नका.

१२. मुक्या जीवाचे देणे

आपल्या जिल्ह्यातले पैठण नाथांचे गाव. नाथांनी गंगेचे पाणी कावडीतून आणले होते. ते रामेश्वराला वाहायचे होते. वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ती कावड गाढवाच्या तोंडी लावली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथांनी आख्खी कावड दिली. आपल्याला तर वाटीभर तेल आणि एक सकाळ द्यायची आहे.

कायदाही हेच सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मुक्या प्राण्यांचा प्रश्न मांडला. पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा झाला. ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याने त्याची नीट काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देता कामा नये, असे हा कायदा म्हणतो.

श्रोत्यांचे प्रश्न

भाषण संपल्यावर लोकांनी प्रश्न विचारले. ते आणि त्यांची उत्तरे इथे देतो.

एक बाई म्हणाल्या, "खायला तेल महाग झालंय. ढोराला कुठून लावावं?"

बाई, प्रश्न रास्त आहे. कुरडया-पापड तळून उरलेले तेल गाळून ठेवा. ते चालते. मात्र तिखट-मिठाचे तेल नको. कातडी झोंबते. आणि अर्धी वाटी तेल महाग की कालवड महाग, याचा हिशेब तुम्हीच करा.

एका गुराख्याने विचारले, "तेल लावल्यावर कुत्र्यानं ते चाटलं तर?"

थोडे चाटले तर भीती नाही. फार तर पोट ढिले होईल. पण तेलात आता डांबर मिसळलेले असते. म्हणून पुसून होईपर्यंत चाटू देऊ नये. त्याच्याशी बोलत राहा, हाताने भाकरीचा तुकडा द्या. वेळ निघून जातो.

एक तरुण म्हणाला, "केसांत च्युइंगम अडकलं तर? मेणबत्तीचं मेण पडलं तर?"

फडक्यात बर्फाचा खडा गुंडाळून त्यावर धरा. मेण आणि च्युइंगम कडक होते आणि तुकडे पडतात. उरलेले तेलाने काढा. बर्फ कातडीवर फार वेळ धरू नका.

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "डॉक्टर लांब. आमी आखाड्यावर राहतो. रातच्याला काय करावं?"

बाबा, घरात फोन असेल तर १९६२ हा क्रमांक लावा. तो जनावरांच्या उपचारासाठी आहे. त्याला पैसे पडत नाहीत. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे आणि किती वाजता उघडतो, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा हा उपयोग.

पण कधी थांबायचे नाही, ते सांगतो. डांबर गरम होते, डोळ्यात काही गेले, तोंडात-घशात चिकटा गेला, घासलेट चाटले, जनावर धापा टाकते, ओकते किंवा अर्ध्याहून जास्त अंग भरले आहे. यांतले एकही असेल, तर घरचा उपाय करत बसू नका.

शेवटी एक मुलगी म्हणाली, "रस्त्याचं काम करणाऱ्यांनी पिंप उघडं का ठेवावं?"

मुलीने खरे दुखणे सांगितले. चिकटा काढण्यापेक्षा लागू न देणे बरे. काम संपले की उरलेले डांबर आणि पिंपे उचलून न्या, असे ग्रामसभेत मांडा. ठराव लिहून घ्या. तोपर्यंत पिंपावर फळी टाका आणि भोवती काटेरी फांद्या लावा. काम एका दुपारचे आहे. वाडीतल्या चार जणांनी मिळून करावे.

एवढे ध्यानात ठेवा

१. ओढू नका. कातडी निघते.
२. घासलेट, पेट्रोल, डिझेल, थिनर, फिनाईल कधीही नको.
३. गूळ, काकवी, ज्वारीचा चिकटा कोमट पाण्याने निघतो.
४. डांबर, वंगण, ओला तेली रंग खायच्या तेलाने निघतो.
५. तेल लावून पाव तास थांबा. मग पुसा, पीठ लावा, साबणाने धुवा, कोरडे करा.
६. निघाले नाही तर मध्ये कंगवा घालून केस कापा.
७. गरम डांबरावर फक्त गार पाणी. मग डॉक्टर.
८. कुत्रे-मांजर चावले तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

वाचून सांगा

१. चिकट्याच्या दोन जाती कोणत्या?
२. मांजरीला डिझेल लावल्यावर ती का दगावली?
३. केस कापताना कंगवा कशासाठी?
४. तुमच्या गावात डांबराचे उघडे पिंप कुठे आहे? उद्या जाऊन पाहा आणि सरपंचांना चार ओळींचा अर्ज लिहा.